सापांबद्दल लोकांशी बोलायचंय? मग 'साप शेतकऱ्याचा मित्र' हा बॅनर आधी गुंडाळून ठेवा

पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांनाच सापांवर कार्यक्रम घ्यायचा असतो. सर्पमित्र, निसर्ग मंडळं, शाळेतले सायन्सचे सर, एनएसएसची पोरं, सगळेच. प्रोजेक्टर येतो, साठ-सत्तर स्लाइड असतात, प्रत्येक सापाचं शास्त्रीय नाव असतं, शेवटी टाळ्या आणि चहा, आणि दुसऱ्याच दिवशी परसात निघालेली धामण त्याच टाळ्या वाजवणाऱ्या माणसाने काठीने ठेचलेली असते. मग आपण म्हणतो लोक सुधारत नाहीत. अहो पण आपण बोललो काय ते तरी बघा ना.

लोकांना साप आवडायला लावणं हे आपलं काम नाही, हे मी अगदी सुरुवातीलाच सांगून टाकतो. भीती राहू द्या, ती काही वेडेपणाची नाहीये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली असा अभ्यास आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ही बहुतेक गावाकडची, शेतात राबणारी माणसं. त्यांच्यासमोर उभं राहून "घाबरू नका" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच. आपल्याला फक्त दोन गोष्टी बदलायच्यात: साप दिसला तर लांब उभं राहून फोन करायचा, आणि चावला तर कुठेही न थांबता दवाखाना. बाकी सगळं बोनस.

जाण्याआधीचा गृहपाठ (हा टाळला तर पुढचं वाचू नका)

ज्या गावात बोलायचंय तिथे आधी एक चक्कर मारा, शक्यतो आशाताईला (गावातली सरकारी आरोग्य कार्यकर्ती) गाठा. तिला सगळं माहीत असतं: गेल्या पावसाळ्यात कुणाला चावला, कुठे नेलं, वाचला की गेला, आधी कुणाकडे नेलं होतं. कार्यक्रमात समोर कोण बसणार आहे हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे, कारण पहिल्या रांगेत एखादी बाई बसलेली असते जिचा मुलगा मागच्या श्रावणात गेलाय, आणि तुम्ही मस्त हसत हसत नागाचा फोटो दाखवत असता.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सापाची लस (लोक हेच म्हणतात, तुम्हीही हेच म्हणा, एएसव्ही म्हणजे अँटी-स्नेक व्हेनम वगैरे कुणाला कळत नाही) आत्ता आहे का, किती बाटल्या आहेत, रात्री अकराला डॉक्टर सापडतात का, नसतील तर सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि व्हेंटिलेटर कुठे आहे, हे सगळं विचारून लिहून घ्या. पहिल्याच डोसला साधारण दहा बाटल्या लागतात, त्यामुळे "दोन आहेत" हे उत्तर म्हणजे नाहीच समजायचं. तुम्ही स्टेजवरून "लगेच दवाखान्यात जा" म्हणणार आणि मागून कुणीतरी ओरडणार, "कुठल्या? आपल्या हितं कुलूप असतंय!" आणि तिथे तुमचा कार्यक्रम संपला. पण तुमच्याकडे उत्तर असेल की रात्री इथे न थांबता सरळ अमुक ठिकाणी जायचं, गाडीने इतका वेळ लागतो, १०८ ला फोन करून निघायचं आणि अँब्युलन्स येईपर्यंत थांबण्यापेक्षा वाटेत गाठायचं, तर लोक मोबाइल काढून लिहून घेतात. मी पाहिलंय, पूर्ण भाषणात लोक लिहून घेतात ते फक्त हेच.

तिसरं म्हणजे नावं. तुमच्या पुस्तकातली मण्यार कोकणात कांडर होते, दिवड कुठे विरोळा होतो, आणि काही गावांत तर अंगावर पट्टे असलेला प्रत्येक साप मण्यारच असतो. चावला असं कितीतरी ठिकाणी म्हणतच नाहीत, "पान लागलं" म्हणतात, रात्री सापाचं नावही घेत नाहीत, जनावर किंवा लांबडं म्हणतात. रात्रीच्या कार्यक्रमात तुम्ही शंभर वेळा साप साप केलंत तर म्हातारी माणसं अस्वस्थ होतात हो, आपल्याला गंमत वाटते पण त्यांना नाही. बोलताना "जनावर" म्हटलंत तर काय बिघडतं?

सुरुवात तुम्ही करू नका, त्यांना करू द्या

माइक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: "गेल्या वर्षभरात घरात किंवा रानात जनावर कुणाकुणाला दिसलं?" बास. मग गप्प बसायचं. सुरुवातीला कुणी बोलत नाही, मग एक जण चुलीमागचा किस्सा सांगतो, दुसरा कडब्याच्या गंजीतला, आणि पाच मिनिटांत इतका गोंगाट होतो की तुम्हालाच थांबवावं लागतं. या गोंगाटात तुम्हाला फुकटात सगळं मिळतं, साप कुठे निघतात, लोक काय करतात, कोण मारतो, कोणाला बोलावतात. आणि पुढे तुम्ही जे सांगाल ते त्यांच्याच किश्शांना जोडून सांगता येतं. "मघाशी काका म्हणाले ना, गंजीतून निघाला, तर गंजीत तो उंदरांमागे आला होता."

उंदरांवरून आठवलं. "साप नसतील तर उंदीर सगळं धान्य खातील आणि निसर्गाचा समतोल बिघडेल" हे वाक्य शाळेच्या निबंधात ठीक आहे. शेतकऱ्याला ते खोटं वाटत नाही पण त्याच्या उपयोगाचंही वाटत नाही. तेच उलटं सांगा: तुमच्या घरात साप येतोय कारण उंदीर आहेत, उंदीर आहेत कारण धान्याची पोती भिंतीला टेकून जमिनीवर आहेत, सरपण घराला लागून रचलंय आणि कोंबड्यांचं खुराडं दाराशी आहे. म्हणजे काहीतरी करता येण्यासारखं हातात येतं. पोती फळीवर, सरपण घरापासून लांब, भिंतीतली बिळं बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी.

अति गोड बोलू नका, पकडले जाल

"साप स्वतःहून कधीच चावत नाही, पाय पडला तरच चावतो." किती वेळा ऐकलंय हे! आणि समोर असा माणूस बसलेला असतो ज्याच्या बापाला झोपेत मण्यार चावली होती. बापाने काय पाय दिला होता का? मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, माणूस कुशीवर वळला की चावते. हे खरं तसंच सांगा. एक गोड खोटं पकडलं गेलं की पुढची दहा खरी वाया जातात.

तसंच "विषारी साप फक्त चारच" हेही जपून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांमुळे बहुतेक मृत्यू होतात आणि आपल्याकडची लस याच चौघांच्या विषावर बनते, हे बरोबर. पण सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात चापडा आहे, किनाऱ्यावर जाळ्यात समुद्री साप येतात, तिथल्या लोकांना तुम्ही चारच म्हणालात तर ते मनात म्हणतील, याला काही माहीत नाही. "सगळ्यात जास्त जीव घेणारे चार" म्हणा, बरोबर बसतं.

ओळख कशी आणि कशासाठी शिकवायची

इथे एक मोठी गल्लत होते. आपण तासभर ओळख शिकवतो, हा विषारी, हा बिनविषारी, आणि घरी गेलेला माणूस सर्पदंशानंतर दारात उभा राहून विचार करतो, "पट्टे होते म्हणजे कवड्या असंल, बिनविषारी आहे, झोपा." आणि ती मण्यार असते. म्हणून ओळख शिकवण्याआधी एक वाक्य ठासून सांगा, मधे एकदा सांगा, शेवटी लोकांकडून वदवून घ्या: ओळख ही साप न मारण्यासाठी आहे, दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवण्यासाठी नाही. कुठलाही साप चावला तरी दवाखाना. साप दिसला नाही, नुसतं काहीतरी चावलं, तरी दवाखाना.

मग जोड्या लावून दाखवा, सुटे फोटो नको. मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी: मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ होत जातात, कवड्याचं उलटं, मानेपासून ठळक सुरुवात आणि शेपटीकडे पुसट. घोणस आणि अजगराचं पिल्लू: ही जोडी तर पाहिजेच पाहिजे कारण अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेणारे महाभाग दर वर्षी निघतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा, तपकिरी लांबट गोल, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, एकसारखे नसतात. धामण आणि नाग: फणा नसला म्हणजे नाग नाही असं नव्हे, नाग शांत असताना फणा काढतच नाही. फुरसं छोटं असतं, हातभरसुद्धा नसतं, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि वेटोळं घालून अंग घासत करकर आवाज करतं; कोकणात लोक ते तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतात, तिथे शिकवायला जाऊ नका, विचारा.

फोटो निवडताना फणा काढून अंगावर येणारा नाग, जबडा वासलेली घोणस असले फोटो टाळा. एकतर भीती वाढते, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात साप तसा दिसतच नाही, तो दिसतो पालापाचोळ्यात अर्धा, लाकडाखाली शेपूट, मोरीत वेटोळं. तसेच फोटो घ्या. आणि फ्लेक्सवर खऱ्या लांबीएवढे छापून घ्या, प्रोजेक्टरवर वाळासुद्धा ॲनाकोंडा दिसतो!

जिवंत साप नेऊ नका. नाही म्हणजे नाही.

यावर खूप जण भांडतात माझ्याशी. म्हणतात जिवंत साप पाहिल्याशिवाय भीती जात नाही. मी म्हणतो भीती घालवायला सांगितलंय कुणी? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून असे खेळ करायला बंदी आहे हा एक भाग झालाच, पण समजा कायदा बाजूला ठेवला तरी लोकांच्या डोक्यात काय राहतं? "दादा काय डेरिंगबाज आहे!" बस, एवढंच. मागे बसलेली आठवीतली पोरं मनातल्या मनात तीच पोज घेत असतात, आणि पुढच्या आठवड्यात ओढ्यावर बिनविषारी दिवडावर प्रयोग होतो, मग एक दिवस ते दिवड नसतं. रीलवर नागाला मुका देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्याला साप वाचवायचेत त्याने सापासोबत फोटो टाकणं आधी बंद करावं, असं माझं स्पष्ट मत.

अंधश्रद्धा: टिंगल करू नका, वाट काढा

साप दूध पितो, डूख धरतो, नागमणी असतो, धामण म्हणजे नागाची मादी, धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हरणटोळ टाळूवर डसतो. ही यादी स्लाइडवर मोठ्या अक्षरात लावून खाली लाल फुली मारली की लोकांच्या लक्षात यादीच राहते, फुली विसरतात. त्यापेक्षा कुणी विचारलं तरच बोला, आणि खरी गोष्ट आधी सांगा. डूख धरण्याचा प्रश्न हमखास येतो: "मारला त्याच जागी आठ दिवसांत दुसरा आला, मग?" आला ना, बरोबर आहे, खोटं नाही बोलत तो माणूस. पण जागा तीच आहे, उंदीर तेच आहेत, बीळही तेच आहे, मग दुसरा येणारच की. बदला घ्यायला आलेला नाही, जेवायला आलाय. लोक हसतात, आणि पटतंही.

नागपंचमीला हात घालताना सांभाळून. पूजा करू नका असं म्हणालात की संपलंच. पूजा वारुळाची करा, मातीच्या नागाची करा, पाटावर चंदनाने काढलेल्या नागाची करा, ते आपल्या आज्या करतच होत्या. फक्त गारुड्याच्या टोपलीतल्या नागाला दूध पाजू नका, त्याचे दात तोडलेले असतात आणि कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तो समोर येईल ते पितो, आणि दूध त्याला पचत नाही. चर्चेत बत्तीस शिराळ्याचं नाव निघतंच. तिथे कोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली आणि त्यावरून लोकांच्या भावना अजून दुखावलेल्या आहेत. सांगली भागात बोलत असाल तर या वादात पडू नका, तुमचा विषय सर्पदंश आहे तिकडे परत या.

आणि मांत्रिक. इथे बहुतेक कार्यक्रम फसतात, कारण आपण त्याला भोंदू म्हणतो आणि तो सरपंचाचा चुलता निघतो. आधी हे समजून घ्या की लोकांना त्याचा गुण का येतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, शिवाय विषारी सापसुद्धा बऱ्याचदा नुसते दात लावतो, विष सोडत नाही. म्हणजे देवळात नेलेल्या कितीतरी जणांना काही होणारच नव्हतं. ते बरे झाले, नाव मंत्राचं झालं. हे शांतपणे, त्याचा अपमान न करता सांगता येतं. आणि शक्य असेल तर कार्यक्रमाआधी त्याच्या घरी जा, चहा प्या, आणि एवढंच मागा: "बाबा, मंत्र म्हणा, अंगाराही लावा, पण गाडीत बसून म्हणा, गाडी दवाखान्याकडे चालू पाहिजे." काही जण ऐकतात. जो ऐकतो त्याला कार्यक्रमात पुढे बसवा आणि त्याच्याच तोंडून हे सांगायला लावा, तुमच्या दहा भाषणांपेक्षा ते भारी पडतं.

प्रथमोपचार करूनच दाखवा

सांगू नका, करा. एका मुलाला पुढे बोलवा, खुर्चीवर बसवा, पायाला पेनाने दोन ठिपके काढा. मग गर्दीला विचारा, आता काय करायचं? लगेच आवाज येतात, "दोरी बांधा! ब्लेड मारा! चोखा! मिरची खायला द्या!" सगळे येऊ देत. मग एकेक करा. पैंजण, जोडवी, अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढायच्या कारण सूज आली की त्या रुततात. पाय हलवायचा नाही, दोन्ही बाजूंनी कामट्या किंवा घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून ओढणीने सैलसर बांधायचं, बोट आत जाईल इतपत, फ्रॅक्चरला बांधतात तसंच. दोरी आवळायची नाही, घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर आवळलेल्या पायाचं जास्त नुकसान होतं, आणि दवाखान्यात एकदम सोडली की विष झपकन वर जातं. म्हणून कुणी आवळून आलाच असेल तर ती वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडायची. चालवायचं नाही. गाडी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यायचं. उलट्या होत असतील तर डाव्या कुशीवर. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. साप शोधत बसू नका, मारून पिशवीत घालून नेऊ नका, लस चारही सापांवर एकच असते, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

मग मण्यारीचं वेगळं, आवाज खाली आणून सांगा कारण हे कुणालाच माहीत नसतं. दंश दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, घसा धरल्यासारखा होतो, पापण्या जड होतात, उघडतच नाहीत. घरचे ॲसिडिटी समजून सोडा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला पहाटे असं झालं की साप समजूनच पळायचं, श्वास बंद पडायच्या आत व्हेंटिलेटर गाठायचाय. आणि उपाय काय, तर खाट, नसेल तर मच्छरदाणी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या. बायका हे लगेच उचलतात.

अवघड प्रश्न

"वीज रात्रीची येती, पाणी द्यायला अंधारात जावंच लागतं, मग?" याला "रात्री जाऊ नका" हे उत्तर नाही. गमबूट, बॅटरी, पुढे काठी आपटत चालणं, दाऱ्यात (पाटाचं पाणी वळवायच्या तोंडात) हात घालण्याआधी उजेड टाकणं. आणि कबूल करा की दिवसा वीज मिळाली तर सर्पदंश कमी होतील, लोकांना बरं वाटतं कुणीतरी खरं बोललं म्हणून.

"मांडुळाला किती पैसे मिळतात?" तरुण पोरं मागून विचारतात, हसत. हसण्यावारी नेऊ नका. मांडूळ दुतोंडी नसतं, शेपूट बोथट असतं म्हणून तसं दिसतं, गुप्तधन वगैरे काही नाही, आणि त्यापायी पोरं खरंच जेलमध्ये गेलीत. एवढं सांगून पुढे जा.

सोसायटीत तासभर कुणी बसत नाही, तिथे मेसेज पाठवा

शहरात ग्रुपवर "पार्किंगमध्ये कोब्रा!!" आणि खाली अंधुक फोटो, तो कवड्या असतो. आधीच हा मेसेज पिन करून ठेवा: "साप दिसल्यास जवळ जाऊ नका, मुलं आणि कुत्री आत घ्या. एकाने लांबून नजर ठेवा, बाकीच्यांनी पांगा. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. झाडू, पाणी, रॉकेल, फिनेल काही टाकू नका. चावल्यास १०८, आपल्याला जवळचं लस असलेलं हॉस्पिटल: ______." ती रिकामी जागा भरल्याशिवाय मेसेज टाकू नका, तीच तर मेसेजमधली कामाची ओळ आहे.

गावात नुकताच कुणी सर्पदंशाने गेला असेल तर

कार्यक्रम रद्द करा. दिवसकार्य होईपर्यंत तरी नाहीच. नंतर जाताना फ्लेक्स, माइक काही नेऊ नका, घरी जाऊन बसा. शेतकऱ्याचं घर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. कृषी सहायकाचा नंबर द्या, कागद जुळवायला मदत करा. सापांवर एक शब्द बोलू नका, त्यांनी विचारलं तरच. त्या घरातला माणूस पुढच्या वर्षी स्वतः उठून बोलला तर बोलला, आग्रह नको.

आणि दिवाळीच्या आसपास आशाताईला परत फोन करा. यंदा किती जणांना पान लागलं, त्यातले किती सरळ दवाखान्यात गेले, किती आधी देवळात गेले. टाळ्या किती पडल्या ते कुणी विचारत नाही, हा आकडा मात्र वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात त्याच गावात, त्याच आकड्याने सुरुवात करा.